एंटरप्राइजवरची मीटिंग

'स्टार ट्रेक' म्हटलं की बहुतेकांना टोकदार कानांचा स्पॉक आठवतो, नाहीतर माणूस इथे विरघळून तिथे उभा राहतो ते यंत्र आठवतं. मला हल्ली त्यातल्या मीटिंगा आठवतात. लांबट टेबल, मागच्या मोठ्या खिडक्यांतून दिसणारे तारे, टेबलाभोवती सहा-सात अधिकारी आणि टोकाला टक्कल पडलेला कॅप्टन. बाहेर शत्रूचं जहाज तोफा रोखून उभं असतं आणि ही मंडळी शांतपणे बोलत असतात. विशीत असताना हे दृश्य सुरू झालं की मी चहा टाकायला उठायचे. आता पन्नाशी ओलांडलीय, बँकेतली नोकरी स्वेच्छानिवृत्ती घेऊन संपवलीय, आणि नेमकं तेच दृश्य मी मागे घेऊन पुन्हा पाहते.

ज्यांचा या मालिकेशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं मागचं सांगते. जीन रॉडनबेरी नावाचा माणूस, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक, मग लॉस एंजेलिसमध्ये पोलीस, मग टीव्हीचा लेखक. त्याची ही मालिका अमेरिकेत 8 सप्टेंबर 1966 रोजी सुरू झाली. काळ तेविसाव्या शतकाचा. पृथ्वीवरची युद्धं आणि गरिबी संपलेली, अनेक ग्रहांनी मिळून एक संघ केलेला, आणि त्या संघाच्या स्टारफ्लीट या ताफ्याचं 'एंटरप्राइज' हे यान नवे ग्रह शोधत फिरतंय. शीतयुद्ध ऐन भरात असताना या यानावर रशियन अधिकारी होता, जपानी वंशाचा चालक होता, आणि उहुरा ही कृष्णवर्णीय स्त्री अधिकारी होती. उहुराचं काम करणारी निशेल निकल्स मालिका सोडायच्या विचारात होती. मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिला सोडू नकोस म्हणून समजावलं, हे तिनेच पुढे अनेकदा सांगितलंय.

एवढं असूनही मालिका चालली नाही. दुसऱ्या वर्षानंतरच ती बंद पडायची, पण प्रेक्षकांनी वाहिनीकडे पत्रांचा ढीग पाठवला आणि आणखी एक वर्ष मिळालं. 79 भाग झाले आणि जून 1969मध्ये गाशा गुंडाळला. पुढच्याच महिन्यात माणूस चंद्रावर उतरला. मालिकेला खरा प्रेक्षक मिळाला तो नंतर, स्थानिक वाहिन्यांवर तेच भाग पुन:पुन्हा दाखवले गेले तेव्हा. मग 1979पासून चित्रपट, 1987मध्ये नवी मालिका, तिच्या पोटातून आणखी मालिका. आज सगळे भाग मोजले तर नऊशेच्या पुढे जातात.

आमच्या घरात ती आली दूरदर्शनवरून, ऐंशीच्या दशकात, रविवारी सकाळी. डोंबिवलीत आमच्या चाळीत टीव्ही दोनच, त्यातला एक शेजारच्या काकूंकडे. इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं. माझी आजी स्पॉकला 'तो कानवाला' म्हणायची आणि तो कधीच हसत नाही याचं तिला वाईट वाटायचं. पुढे आपल्याकडे 'स्पेस सिटी सिग्मा' ही अंतराळमालिका आली, 1998मध्ये मिलिंद सोमणचा 'कॅप्टन व्योम' आला, पण मी तोवर दुसरीकडे गुंतले होते. केबल आल्यावर 'द नेक्स्ट जनरेशन' ही 1987ची मालिका दिसायला लागली होती. पहिल्या मालिकेनंतर सुमारे शंभर वर्षांनी घडणारी, नव्या एंटरप्राइजची, कॅप्टन जाँ-ल्यूक पिकार्डची. ती मी मिळेल तेव्हा, मिळेल तशी पाहिली. मग लग्न, मुलगी, बदल्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाखेत असताना संध्याकाळी वीज असली तरी पुष्कळ, तिथे अंतराळ कुठून दिसणार!

गंमत म्हणजे मी नव्हते त्या काळात मालिकाही नव्हती. 2005मध्ये 'एंटरप्राइज' नावाची मालिका बंद पडली आणि बारा वर्षं टीव्हीवर नवीन काही आलं नाही. मधे तीन चित्रपट आले, पण ते धावपळीचे. 2017मध्ये 'डिस्कव्हरी' आली आणि मग एकामागून एक रांगच लागली. एक दिवस बंगळुरूहून मुलीचा फोन आला, "आई, तुझा टकलू परत आलाय." म्हणजे 'पिकार्ड' ही 2020ची मालिका. पॅट्रिक स्टुअर्ट तेव्हा 79 वर्षांचा होता. मी एक भाग पाहिला. म्हातारा पिकार्ड फ्रान्समध्ये आपल्या द्राक्षमळ्यात राहतोय, स्टारफ्लीटवर रागावून राजीनामा देऊन बसलाय. मी तिथेच थांबले. याला राग कशाचा आलाय हे समजायचं तर हा आधी कसा होता ते नीट आठवायला हवं. म्हणून मागे गेले आणि 1987पासून सुरुवात केली.

पहिला धक्का चित्राचा बसला. केबलवर पाहिलेली ती मालिका मळकट, पिवळट होती. आता पाहिली तर गणवेशाची वीण दिसते. असं कसं झालं, तर त्याची एक मोठी खटपटीची गोष्ट आहे. ही मालिका 35 मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झाली होती, पण तिचं संकलन आणि यानांची दृश्यं जुळवणं व्हिडिओटेपवर झालं. जगाने पाहिली ती टेप. 2012च्या सुमारास निर्मात्यांनी मूळ फिल्मचे तुकडे पुन्हा बाहेर काढले, ते नव्याने स्कॅन केले, सगळे भाग पुन्हा जुळवले, स्फोट नि किरण नव्याने बसवले. त्या कामाला जितका खर्च आला तितकी विक्री झाली नाही, त्यामुळे पुढच्या 'डीप स्पेस नाइन' आणि 'व्हॉयेजर' या मालिकांच्या वाट्याला हे भाग्य आलं नाही. त्या अजून धुरकट आहेत. 'डीप स्पेस नाइन'बद्दल हे फार लागतं, कारण गोष्टींच्या बाबतीत ती सगळ्यांत पोक्त आहे.

दुसरा धक्का म्हणजे पहिला सीझन. तो वाईट आहे. गोड बोलण्यात अर्थ नाही. त्यातला 'कोड ऑफ ऑनर' हा भाग तर कृष्णवर्णीय लोकांचं असं चित्र रंगवतो की मालिकेतल्या नटांनीही पुढे त्याला नावं ठेवली. स्त्री पात्रांना काम कमी आणि घट्ट कपडे जास्त. रॉडनबेरीचा एक हट्टही होता. चोविसाव्या शतकातली माणसं सुधारलेली आहेत, ती आपसात क्षुद्र भांडणं करणार नाहीत. लेखक डोक्याला हात लावून बसले. भांडण नाही तर नाट्य कुठून आणायचं? कितीतरी लेखक सोडून गेले.

तिसऱ्या सीझनला मायकेल पिलर हा मुख्य लेखक आला आणि गाडी रुळावर आली. त्याने बाहेरच्या लोकांची पटकथा वाचायचं दारही उघडं ठेवलं. कुणीही पाठवावी, वाचली जाईल. रोनाल्ड मूर हा पुढे नावारूपाला आलेला लेखक असाच आत आला. आणि रॉडनबेरीच्या हट्टाला उत्तरही मिळालं. माणसं एकमेकांवर खेकसणार नसतील तर ती मतभेद मांडणार कुठे? टेबलाशी. जोडीला पैशाचा हिशोब होताच. अंतराळातली लढाई महाग पडते. तयार सेटवर सात माणसं बोलत बसली तर स्वस्त पडतं.

आता त्या मीटिंगकडे येते. पिकार्ड विचारतो, काय करता येईल? इंजिनिअर जॉर्डी ला फोर्ज यंत्राचं सांगतो. डेटा हा यंत्रमानव शक्यता सांगतो. डॉक्टर माणसांच्या जिवाचं बोलते. सल्लागार ट्रॉय समोरचा घाबरलाय की रागावलाय ते सांगते. सुरक्षा अधिकारी व्हॉर्फ दरवेळी हल्ला करू म्हणतो, दरवेळी त्याचं ऐकलं जात नाही, आणि तरी पुढच्या मीटिंगला त्याला पुन्हा तितक्याच गांभीर्याने विचारलं जातं. सगळं ऐकून कॅप्टन निर्णय देतो. दोन-तीन मिनिटांत लोक उठून कामाला लागतात. कुणी कुणाकडे बोट दाखवत नाही, आणि बैठकीबाहेर गेल्यावर "मी तेव्हाच म्हटलं होतं" असंही म्हणत नाही.

मी तीस वर्षं मीटिंगांना बसलेय. निर्णय आधीच झालेला असायचा. वरून आलेलं टार्गेट वाचून दाखवायचं, मग बिस्किटं फिरायची, मग "कुणाला काही बोलायचंय का?" असं घड्याळाकडे बघत विचारलं जायचं. एकदा एका ज्येष्ठ कॅशिअरने खरंच काही बोलायचा प्रयत्न केला, तर सगळ्यांनी त्यांच्याकडे ते आजारी असल्यासारखं पाहिलं. त्यामुळे आज कुणी मला विचारलं की या मालिकेतली सर्वांत अशक्य कल्पना कुठली, तर प्रकाशापेक्षा वेगाने जाणारं इंजिन हे माझं उत्तर नाही.

'द मेजर ऑफ अ मॅन' नावाचा भाग 1989मध्ये आला. मेलिंडा स्नॉडग्रास या पेशाने वकील राहिलेल्या लेखिकेने तो लिहिला. एक शास्त्रज्ञ यानावर येतो आणि म्हणतो, डेटाला उघडून त्याचा अभ्यास करायचाय, म्हणजे त्याच्यासारखे पुष्कळ बनवता येतील. धोका आहे म्हणून डेटा नकार देतो, राजीनामा देतो. शास्त्रज्ञ म्हणतो, राजीनामा कसला, तू स्टारफ्लीटची मालमत्ता आहेस. संगणक राजीनामा देतो का? प्रकरण कोर्टात जातं. माणसं कमी, म्हणून डेटाचा मित्र आणि उपकप्तान रायकर यालाच त्याच्याविरुद्ध बाजू मांडावी लागते. ती नीट मांडली नाहीस तर निकाल लगेच विरुद्ध देईन, असं न्यायाधीश त्याला सांगते. मग रायकर भर कोर्टात डेटाचा हात काढून ठेवतो आणि त्याच्या पाठीवरचं बटण दाबून त्याला बंद करतो. डेटा पुढे झुकून निपचित पडतो आणि रायकरचा चेहरा बघवत नाही.

डेटाची बाजू लढवणारा पिकार्ड हरल्यासारखा गायननकडे जाऊन बसतो. गायनन यानावरचं मद्यालय चालवते. ही भूमिका व्हूपी गोल्डबर्गची. लहानपणी टीव्हीवर उहुरा पाहून ही मोलकरीण नसलेली काळी बाई आहे म्हणून ती घरभर ओरडत सुटली होती, आणि पुढे मोठी नटी झाल्यावर तिने या मालिकेत काम आपणहून मागितलं. गायनन पिकार्डला एवढंच सुचवते की असे हजारो डेटा बनले, नको ती कामं त्यांनाच करायला लावली आणि त्यांच्या सुखदुःखाची कुणाला फिकीर नसली, तर त्याला जगाने याआधी काय नाव दिलं होतं? बोलणारी बाई कृष्णवर्णीय आहे. गुलामगिरी हा शब्द पिकार्डच्या तोंडून येतो. निकाल डेटाच्या बाजूने लागतो. त्याला आत्मा आहे की नाही हे न्यायाधीशाला ठरवता येत नाही, पण तो प्रश्न स्वतः शोधायचं स्वातंत्र्य त्याला आहे, असं ती म्हणते. मग समारंभ होतो आणि रायकर तिथे येत नाही. डेटाच त्याला बोलवायला जातो, कारण रायकरने स्वतःला त्रास करून घेतला म्हणूनच खटला उभा राहिला आणि तो वाचला. हे समजणारा त्या यानात तो यंत्रमानवच. पूर्ण भागात एक गोळी सुटत नाही.

'द ड्रमहेड' हा 1991चा भाग तर मुळात पैसे वाचवण्यासाठी केलेला. यानावर घातपाताचा संशय, एक निवृत्त अॅडमिरल बाई चौकशीला येतात. साध्या तंत्रज्ञाने नोकरीच्या अर्जात आजोबा शत्रूच्या वंशाचे होते हे लपवलेलं असतं, आणि एवढ्यावरून त्याला देशद्रोही ठरवायची तयारी सुरू होते. मी खातेनिहाय चौकशा जवळून पाहिल्यात. आरोप एका गोष्टीचा आणि कागद तपासायचे दहा वर्षांचे, ही पद्धत मला ओळखीची आहे. पिकार्ड त्या बाईंसमोर उभा राहतो तेव्हा त्याच्या हातात काही नसतं, तो फक्त बोलतो. जीन सिमन्सने ती अॅडमिरल इतकी सभ्य आणि सुशिक्षित उभी केलीय की भीती वाटते.

आणि एक भाग आहे 'डेटाज् डे', 1991चाच, ज्यात डेटाचा एक दिवस आहे. एक लग्न, नाचाची शिकवणी, थोडं राजकारण. सुरुवातीला तो दिवसाची नोंद करतो तेव्हा त्यात वाढदिवस, बदल्या, बुद्धिबळाच्या स्पर्धा असतात, आणि हिंदूंचा दिव्यांचा सणही असतो. म्हणजे एंटरप्राइजवर दिवाळी होते. कुणी साजरी केली, फराळ कुणी केला, ते दाखवत नाहीत. सहज एका वाक्यात येऊन जातं, आणि असं सहज येणंच मला आवडलं.

कारण भारताचा दुसरा उल्लेख एवढा सहज नाही. 1967च्या भागात खान नूनियन सिंग हा खलनायक येतो, उत्तर भारतातला, बहुधा शीख, असा त्याचा परिचय. नावात खानही आणि सिंगही! काम केलं मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंताल्बानने, आणि झकास केलं. 2013च्या चित्रपटात तोच खान गोरापान बेनेडिक्ट कंबरबॅच झाला. मूळ कथेप्रमाणे या खानाने 1992 ते 1996 आशियाच्या मोठ्या भागावर राज्य केलेलं आहे. 1996मध्ये मी बचत खात्यांची व्याजाची नोंद लेजरमध्ये हाताने करत होते आणि कुठलाही महामानव आमच्या शाखेत आला नाही. मालिकावाल्यांनाही ही अडचण जाणवली असावी. 2023च्या एका भागात त्यांनी काळात ढवळाढवळ झाल्याचं सांगून त्याचं बालपण पुढे ढकललं आणि त्याला टोरंटोमध्ये ठेवलं. आपल्या मुंबईची मात्र एक खरी नोंद आहे. 1965ची मिस इंडिया पर्सिस खंबाटा 1979च्या पहिल्या चित्रपटात इलिया नावाची अधिकारी झाली, आणि त्यासाठी तिने डोक्याचं मुंडण केलं. त्या काळी हिंदी सिनेमातली कुठलीही नायिका याला तयार झाली नसती.

नव्या मालिकांबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. 'डिस्कव्हरी'त सगळा सीझन एकच गोष्ट, आणि दरवेळी अख्खं विश्व धोक्यात. लोक कुजबुजत बोलतात, रडतात, कॅमेरा गरागरा फिरतो, आणि यानात इतका अंधार की बिल थकलंय की काय असं वाटतं. पूर्वी वर्षाला 26 भाग असायचे, आता दहा-पंधरा. 26 भागांत दोन-चार फुकट जातात, पण 'डेटाज् डे'सारखी काहीच न घडणारी गोष्टही त्यातच बसते. दहा भागांत तेवढी फुरसत कुणाला! शिवाय ओटीटीवर या मालिका बिऱ्हाड बदलत असतात. नोव्हेंबर 2021मध्ये 'डिस्कव्हरी'चा चौथा सीझन सुरू व्हायला दोनच दिवस असताना नेटफ्लिक्सवरून ती काढून घेतली गेली आणि अमेरिकेबाहेरचे चाहते बघत राहिले.

'पिकार्ड' मी शेवटी पूर्ण पाहिली. पहिल्या दोन सीझनमध्ये म्हाताऱ्याकडे ना टेबल आहे ना माणसं. तिसऱ्यात जुनी सगळी मंडळी परत येतात, जुन्या एंटरप्राइजचा ब्रिज, म्हणजे यान चालवायची खोली, गालिच्यासकट पुन्हा बांधलेला दिसतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे खरं. पण जुनं काही आठवत नसलेल्या माणसाला तो सीझन किती पोचेल, शंकाच आहे.

'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' ही 2022ची मालिका मात्र मी मनापासून सुचवेन. पुन्हा एका भागात एक गोष्ट. कॅप्टन पाइक स्वतः स्वयंपाक करतो आणि अधिकाऱ्यांना आपल्या खोलीत जेवायला बोलावतो. बोलणं ओट्याशी होतं. दुसऱ्या सीझनमध्ये एका अधिकाऱ्यावर वंश लपवल्याचा खटला आहे आणि तो 1989च्या त्या खटल्याशेजारी ठेवायच्या योग्यतेचा आहे. 'लोअर डेक्स' हे विनोदी कार्टून तर नोकरी केलेल्या प्रत्येकाने बघावं. त्यात ब्रिजवरचे साहेब दुय्यम आहेत, गोष्ट आहे कॉरिडॉरमधल्या बंकवर झोपणाऱ्या कनिष्ठांची. बड्या यानांनी नव्या ग्रहाशी पहिली ओळख करून घेतली की मागचे कागदपत्र निपटायला यांचं 'सेरिटोस' जातं. आमच्या बँकेतले क्लार्क यात जागोजागी सापडतील.

परत जायचं असेल किंवा पहिल्यांदाच जायचं असेल, तर पहिल्या भागापासून क्रमाने बसू नका, नाहीतर आठवड्याभरात कंटाळाल. 'द नेक्स्ट जनरेशन'च्या दुसऱ्या सीझनचा नववा भाग लावा, तोच डेटाच्या खटल्याचा. मग तिसऱ्या सीझनपासून सरळ पुढे जा, चौथ्यातला 'द ड्रमहेड' आणि पाचव्यातला 'द इनर लाइट' चुकवू नका. त्यानंतर 'डीप स्पेस नाइन', चित्र धुरकट असलं तरी. पहिला सीझन सगळ्यांत शेवटी, आणि तोही गोडी लागली तरच.